हजेरीवरचं नाव

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या भागात लहानपणापासून कानावर पडते. या शहराच्या नावाचीही एक आख्यायिका आहे. इथल्या एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या इच्छेवरून गावाला जालना हे नाव पडलं, असं सांगतात. ती कथा खरी की खोटी, हे इतिहासकारांनी ठरवावं. मला त्यातली एक गोष्ट आवडते. गावाला नाव मिळालं ते हाताच्या धंद्यावरून. त्याच गावाच्या एमआयडीसीत आज कितीतरी बाया रोज हातानं काम करतात आणि त्यांचं नाव साध्या हजेरीच्या रजिस्टरवरही सापडत नाही.

जालन्याची ओळख दोन धंद्यांनी झाली आहे, लोखंडी सळई आणि बियाणं. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट पाडायचे आणि रोलिंग मिलमधून सळई ओढायची, हे पुरुषांचं काम मानलं जातं. त्यात स्थानिकांबरोबर उत्तर प्रदेश-बिहारचे मजूरही आहेत. बियाण्यांचा धंदा मात्र बायांच्या बोटांवर उभा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला आणि जालन्याचं नाव जगात पोचलं. पण संकरित कपाशीचं बी तयार होताना दुपारनंतर कळी सोलून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, हे काम बहुतांशी बायाच करतात. कारखान्यात आल्यावर निवडणं, प्रतवारी आणि पाकिटं भरणं हेही बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतं. आठ मार्चला गुलाबाचं फूल, एखादं भाषण आणि ‘महिला सक्षमीकरण’ असं लिहिलेला फलक मिळतो. नऊ मार्चला परत ठेकेदाराची वही.

आमच्या ओळखीच्या एक आपा आहेत. जुन्या जालन्यात राहतात. त्यांचे शौहर एका मिलमध्ये ठेकेदाराकडून कामाला होते. एका रात्री तापलेली सळई सुटली आणि पाय भाजला. ठेकेदारानं दवाखान्याचे सुरुवातीचे पैसे दिले. नंतर मात्र त्याचं बोलणं फिरलं. हा माणूस आमच्याकडे चार दिवसांसाठीच आला होता, असं तो म्हणू लागला. खरं तर ते तीन वर्षं तिथं राबत होते. पण रजिस्टरवर नाव नव्हतं, ईएसआयचं कार्ड नव्हतं आणि पगाराची चिठ्ठीही नव्हती. तीन वर्षांचा पुरावा म्हणून घरात फक्त एक जळका बूट होता.

मग आपा कामाला निघाल्या. एका युनिटमध्ये पाकिटं भरण्याचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी मुकादमाला विचारलं, हजेरीवर नाव कुठं आहे? तो हसला. त्या मला सांगत होत्या, ‘मैं बोली, पहले नाम लिखो भाई, फिर पाकिटां भरती. मेरे आदमी का नाम नहीं था, तो आदमीच नहीं था बोले ना.’

हे वाक्य ऐकल्यापासून सक्षमीकरण, समावेशकता या मोठ्या शब्दांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. बाईला कामाच्या ठिकाणी ताकद मिळण्याची सुरुवात तिच्या नावाच्या नोंदीपासून होते, असं माझं मत आहे. बाकी सगळं त्यानंतर येतं.

पण पुढं जे घडलं ते सरळ नव्हतं. मुकादम म्हणाला, नाव लिहितो, पण पीएफ कापला जाईल, हातात कमी येईल. ते ऐकून सोबतच्या बायाच आपांवर चिडल्या. त्यांची चीड खोटी म्हणता येणार नाही. दहा हजारांवर पीएफ कापला तर बाराशे रुपये जातात. तेवढ्यात महिन्याचा किराणा अर्धा होतो. पण हिशेबाची दुसरी बाजू त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. तेवढीच, म्हणजे बारा टक्के रक्कम मालकाला भरावी लागते. ईएसआयसाठी कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे ७५ रुपये जातात, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ३२५ रुपये. त्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार मिळतात. ठरलेल्या काळात ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर बाळंतपणात २६ आठवड्यांची भरपाई मिळते. नोंद नसेल, तर तीन वर्षं काम करूनही बाळंतपणाच्या दिवशी बाई पुन्हा शून्यावर येते. म्हणून ‘हातात कमी येईल’ ही भीती घालणारा माणूस पैसे कुणाचे वाचवतोय, हे विचारायला हवं.

आपांनी तीन महिने लावून धरलं. आणखी चार-पाच जणी सोबत आल्या तेव्हा कुठं नावं लागली. त्यानंतर एक अडचण आली ती आपल्या समाजाच्या ओळखीची आहे. आधारवर नावापुढे ‘बी’, बँकेत ‘बेगम’, शाळेच्या दाखल्यावर ‘परवीन’. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन जागी तीन प्रकारे लिहिलेलं. जन्मतारीख तर आपल्याकडे अनेकांची एक जानेवारीच असते. पीएफच्या खात्यात नाव जुळेना आणि स्वतःचे पैसे स्वतःलाच काढता येईनात. आपण कागदपत्रं तपासतो ती नागरिकत्वाच्या चर्चेला उधाण आलं की. रोजीरोटीसाठीही ती तितकीच लागतात, हे लक्षात घेत नाही.

आता ‘सहनशक्ती’बद्दल. हल्ली कामाच्या ठिकाणी संकट झेलून पुन्हा उभं राहण्याच्या गुणाचं फार कौतुक होतं. मराठवाड्याच्या बाईला तो गुण कुणी शिकवावा? दुष्काळात तिनं टँकरमागे रांगा लावल्या, घर चालवलं. पण या कौतुकात एक धोका आहे. ती सहन करते म्हटलं की बाकीच्यांचा खर्च वाचतो. संडास बांधायचा राहतो, पाळणाघर राहतं, संध्याकाळची गाडी राहते. शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते आठवा. ऊसतोडीत एका दिवसाचा खाडा परवडत नाही, म्हणून बाया गर्भाशय काढून टाकत होत्या. तो प्रश्न इतका वाढला की २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सहनशक्तीचा शेवट असा शरीरावर येतो. खरी मजबुती हवी असेल, तर पडल्यावर धरणारी काहीतरी व्यवस्था पाहिजे. ती नसताना बाईला ‘खंबीर’ म्हणणं म्हणजे तिला एकटीला सोडून देणं.

कायदा या बाबतीत गप्प नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. पण त्यातली एक तरतूद आपण घट्ट धरून ठेवली पाहिजे. कामगाराला नेमणूकपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. बाईची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल, तर संध्याकाळी सातनंतरही तिला काम करता येतं. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई १९२३ पासून कायद्यात आहे आणि माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. आपांच्या शौहरना हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तसाच. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. ठेक्यावरची, रोजंदारीवरची बाईही तक्रार करू शकते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती करायची असते. युनिट लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. पण मुकादमानं आडवळणानं काही बोललं तर जायचं कुठं, असं आपांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘किसको बोलना? काम पे रखने वाला भी वहीच.’

इथवर कारखान्याच्या फाटकाबद्दल बोललो. आता आपल्या घराच्या दाराबद्दल. आपा कामाला लागल्या तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली. ज्यांनी शौहरच्या आजारपणात एक डबाही पाठवला नाही, त्यांना पर्देची काळजी वाटू लागली. मक्क्यात हजरत खदीजा (र.) यांचा मोठा व्यापार होता, पैगंबर (स.) यांनी तरुणपणी त्यांचा माल घेऊन प्रवास केला, हे आपण बयानात अभिमानानं सांगतो. बाईच्या कमाईवर तिचा स्वतःचा हक्क, मजुरी वेळेत देणं, या शिकवणी आपल्याला पाठ आहेत. मग प्रत्यक्ष आपली बहीण पाकिटं भरायला निघाली की त्या आठवत का नाहीत?

गंमत अशी की घरातले आणि मालक, दोघं एकच शब्द वापरतात. ‘सुरक्षितता’. घरचे म्हणतात, बाहेर सुरक्षित नाही म्हणून जाऊ नकोस. मालक म्हणतो, रात्री बायांची जबाबदारी कोण घेणार, म्हणून चांगल्या पगाराच्या कामावर पुरुषच ठेवतो. दोघांपैकी रस्त्यावर दिवा लावायला किंवा गाडीची सोय करायला कुणी पुढं येत नाही. बुरख्याचा वादही असाच उगाच वाढवला जातो. फिरत्या मशीनजवळ सैल कापड धोक्याचं, मग तो बुरखा असो, साडीचा पदर असो की पुरुषाचा गमछा. सगळ्यांना सारखा नियम करा, अंगाला बसणारा कोट आणि डोकं नीट झाकणारा रुमाल द्या. वाद तिथंच संपतो.

नोंदीतून काय मिळू शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायांनी, ज्यांत तेलुगू, दलित आणि मुस्लिम सगळ्याच आहेत, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. या बायांजवळ सहनशक्ती तर होतीच, पण विडी कामगार म्हणून त्यांची ओळख कागदावर होती आणि पाठीशी संघटना होती. म्हणून त्यांना दारं उघडावी लागली.

जालन्यात लगेच तेवढं होईल असं मी म्हणत नाही. पण काही गोष्टी या महिन्यातही करता येतील. उद्योजकांच्या संघटनेनं लहान युनिट मिळून एक पाळणाघर आणि शिफ्ट सुटण्याच्या वेळेची एक गाडी सुरू करावी. मशिदीच्या कमिट्यांनी आणि बचत गटांनी एखादा रविवार आधार, बँक आणि पीएफमधली नावं जुळवण्यासाठी ठेवावा. शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावेत. आणि आपण घरातल्या पुरुषांनी, आई, बहीण किंवा बायको कामावरून आली की ‘आज किती मिळाले?’ याच्या आधी ‘नाव लागलं का?’ असं विचारावं.

आपा अजून त्याच युनिटमध्ये आहेत. पगार फार वाढलेला नाही. पीएफमधलं नाव दुसऱ्या अर्जानंतर दुरुस्त झालं. परवा भेटल्या तेव्हा मोबाइलवर आलेला पीएफचा मेसेज त्यांनी दाखवला. रक्कम किरकोळ होती. तरी त्या दोनदा वाचायला सांगत होत्या, कारण त्यात त्यांचं पूर्ण नाव बरोबर लिहिलेलं होतं.