असाध्य, याप्य आणि फुप्फुसप्रत्यारोपण

राजुरी परिसरात चिकित्सा करताना वीस वर्षे उलटली. शेती आणि दूधधंदा हेच या भागाचे मुख्य व्यवसाय असल्याने माझ्याकडे येणाऱ्या श्वासरुग्णांत गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ आणि कांद्याच्या चाळीत आयुष्य गेलेली माणसे अधिक असतात. त्यांपैकी एका रुग्णाविषयी प्रथम लिहितो, कारण त्याच्या बाबतीत माझी चूक झाली आणि ती व्यवसायबांधवांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

वय बावन्न, धंदा दुधाचा, विडीचे व्यसन नाही. कोरडा खोकला आणि चढ चढताना दम लागणे या तक्रारी घेऊन ते आले. मी तमकश्वास समजून चिकित्सा आरंभिली. सितोपलादी, वासावलेह, पुढे मृदू विरेचन दिले आणि आरंभी थोडा उपशयही मिळाला. वास्तविक तमकाचा घुर्घुरक त्यांच्या छातीत कधीच ऐकू आला नव्हता. पाठीकडून खालच्या भागात श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी उघडावी तसा बारीक चरचर आवाज येत असे आणि बोटांची टोके फुगून नखे बाकदार झाली होती. दोन्ही गोष्टी मी केसपेपरवर लिहिल्या. त्यांचा अर्थ लावून छातीचा सीटी स्कॅन करून घेण्यास मात्र दोन वर्षे घालवली. पुण्यास पाठविले तेव्हा फुप्फुसांचे तंतुमय काठिण्य पुष्कळ पुढे गेले होते, वजन घटले होते आणि चार पावले चालताच प्राणवायूचे प्रमाण ऐंशीच्या खाली जात होते. तेथील तज्ज्ञांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला, पण एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसण्याइतके बल आता शरीरात उरलेले नाही, हेही त्याच बैठकीत सांगितले. चार महिन्यांनी ते गेले. दहावा झाल्यावर मुलगा मला भेटला. म्हणाला, “डॉक्टर, असं काही असतं हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही. केलं असतं की नसतं, तो भाग वेगळा.”

‘तो भाग वेगळा’ या त्याच्या शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. शस्त्रक्रिया करावी की नाही हा निर्णय रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा. तो घेण्याइतका अवधी हाती असताना त्यांना माहिती देणे हे मात्र आपले काम आहे, आणि त्यात आपण कमी पडतो असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी काहींना यात कमीपणा वाटतो. रुग्ण दुसऱ्या पॅथीकडे पाठविला म्हणजे शास्त्र हरले, असा समज अजूनही आढळतो. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा अधिकार धान्वंतरीय संप्रदायाकडे सोपविला आहे, तेव्हा त्यांना कमीपणा वाटला नव्हता. साध्य, याप्य आणि असाध्य हा भेद जाणल्याशिवाय चिकित्सेस हात घालू नये, ही शिकवणही त्यांचीच. श्वासाच्या पाच भेदांत महाश्वास, ऊर्ध्वश्वास आणि छिन्नश्वास असाध्य, तर तमक सामान्यतः याप्य, हे आपण द्वितीय श्रेणीचे विद्यार्थी असल्यापासून पाठ म्हणत आलो. पण समोरचा रुग्ण याप्याकडून असाध्याकडे केव्हा सरकला, हे ओळखण्याचा अभ्यास आपण फारसा करीत नाही.

प्रत्यारोपणाने रोग समूळ जातो, असेही कोणी मानू नये. डॉ. जेम्स हार्डी यांनी १९६३ साली अमेरिकेत मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण १८ दिवस जगला. खरे यश १९८३ मध्ये टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांना मिळाले आणि त्यामागे सायक्लोस्पोरिन या व्याधिक्षमत्व दाबणाऱ्या औषधाचा मोठा वाटा होता. आजही जगभरच्या अनुभवानुसार प्रत्यारोपित रुग्णांपैकी निम्मे साधारण सहा-सात वर्षे जगतात. मूत्रपिंड वा यकृताच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. फुप्फुसाचा प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेशी, धुळीशी आणि जंतूंशी संबंध येतो, म्हणून संसर्गाचा धोका अधिक राहतो. शरीरही परके फुप्फुस हळूहळू नाकारत जाते आणि त्याच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसतात. म्हणजे असाध्य व्याधी देऊन एक याप्य अवस्था पत्करायची, असा हा व्यवहार आहे. अज्ञात कारणाच्या फुप्फुसकाठिण्यात विशेष उपचारांविना निदानापासून सरासरी तीन ते पाच वर्षांचेच आयुष्य सांगितले जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवहाराचे मोल कळते.

मग पाठवावे केव्हा? काठिण्याच्या रुग्णास निदान होताच प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घ्यावयास सांगावे, कारण त्याचा उतार केव्हा वेगाने सुरू होईल ते सांगता येत नाही. धुरामुळे श्वासमार्ग अरुंद झालेल्या रुग्णाचा रोग मंद गतीने वाढतो, म्हणून तेथे घाई नसते. घरी प्राणवायू लागू लागला, वर्षातून दोन-तीनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला, की मात्र थांबू नये. आपल्याकडे हा रोग केवळ विडी ओढणाऱ्यांचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांतील या व्याधीकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीपुढे तीस वर्षे बसलेली बाई आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ‘दमाच आहे’ म्हणून तिची बोळवण सर्वाधिक होते, हेही आपण जाणतो.

खर्चाबाबत रुग्णाशी स्पष्ट बोलावे. खासगी रुग्णालयात तो पंचवीस-तीस लाखांच्या आसपास वा त्याहून अधिक जातो आणि पुढील औषधे जन्मभराची असतात. नोंदणी झाली तरी रक्तगट आणि छातीचे आकारमान जुळणारे फुप्फुस मिळावे लागते, आणि काढलेले फुप्फुस साधारण सहा तासांत बसवावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पिंपरीहून फुप्फुसे घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला हॅरिस पुलावर अपघात झाला. डॉ. संजीव जाधव स्वतः जखमी झाले, तरी दुसऱ्या वाहनाने विमानतळ गाठून ते चेन्नईस पोहोचले आणि तेथील रुग्णावर शस्त्रक्रिया पार पडली. ही बातमी अनेकांनी वाचली असेल. आता मुंबई-पुण्यातही प्रत्यारोपण होते.

आमच्या भागातील रुग्णाला याहून अवघड वाटतात त्या गोष्टी घरातल्याच आहेत. प्रत्यारोपणानंतर गोठा झाडणे, शेण काढणे, उकिरडा उपसणे, बुरशी आलेला कडबा हाताळणे वर्ज्य. कच्चे दूधही वर्ज्य. ज्याचे सारे आयुष्य म्हशींमध्ये गेले त्याला हे सांगणे सोपे नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले पाहिजे.

प्रतीक्षेच्या काळात वैद्याला करण्याजोगे पुष्कळ आहे. विडी आणि मिश्री कायमची बंद करणे, बृंहण आहाराने मांसबल टिकविणे, झेपेल तेवढे नियमित चालविणे. अतिकृश रुग्ण केंद्रे नाकारतात. वृक्क-यकृताची तपासणी झाल्याशिवाय रसौषधी देऊ नयेत. बाजारात मिळणाऱ्या ‘दम्याच्या पुड्यां’त स्टिरॉइड मिसळलेले असते हे उघड गुपित आहे. त्यांनी ठिसूळ झालेली हाडे घेऊन रुग्ण शस्त्रक्रियेस कसा सामोरा जाणार?

प्रत्यारोपणानंतर मात्र आपला हात आखडलेलाच बरा. हे औषधालयांच्या चालकांसाठी विशेषत्वाने लिहितो. टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील मात्रा अगदी अरुंद मर्यादेत राखावी लागते. ती वाढली तर वृक्क बिघडतात, घटली तर शरीर फुप्फुस नाकारते. पिप्पली आणि मरिच यांतील पायपेरीन, अशी औषधे शरीरात ज्या विकरामुळे विघटित होतात, त्याला रोखते. सितोपलादीच्या एकतीस भागांत पिप्पलीचे चार भाग आहेत. त्रिकटू, तालीसादी, च्यवनप्राश यांतही ती आहेच. यष्टिमधू स्टिरॉइडसोबत गेल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. गुडूची आणि अश्वगंधा ज्या गुणासाठी आपण देतो, तो व्याधिक्षमत्व वाढविण्याचा गुणच येथे अपायकारक ठरू शकतो. कोविडच्या काळापासून काढ्याचे पुडे ग्राहक स्वतःच मागून नेतात, म्हणून धास्ती अधिक. पुडा हाती देण्यापूर्वी ‘अवयव बदलला आहे का, त्याच्या गोळ्या चालू आहेत का’ एवढे विचारावे, आणि उत्तर होय आले तर त्या केंद्राच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही देऊ नये.

माझ्या दवाखान्याच्या ओसरीत आता तीस मीटरची रेघ मारलेली आहे. जुन्या श्वासरुग्णाला दर तीन महिन्यांनी तीवरून सहा मिनिटे चालवतो, आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावतो आणि दोन्ही आकडे केसपेपरवर तारखेसह लिहितो. गेल्या पावसाळ्यात यातूनच एका बाईंना वेळीच पुण्यास पाठविता आले. त्यांनी केंद्रात जाऊन सर्व समजून घेतले आणि प्रत्यारोपण नको असे ठरविले. त्या घरीच प्राणवायूवर आहेत आणि औषधासाठी माझ्याकडे येतात.