हेल्पलाईन आहे, पण बोलायचं कुठे? मिरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यांची अडचण समजून घ्या

'ठाण्याला पाठवू का तुला?' हा टोमणा मुंबई परिसरात आजही सर्रास मारला जातो. त्यातलं ठाणं म्हणजे १९०१ साली सुरू झालेलं तिथलं मनोरुग्णालय. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच येतं. म्हणजे इथल्या कॉलेजच्या मुलांसाठी टोमण्यातला पत्ता आणि जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी मानसोपचार रुग्णालयाचा पत्ता एकच.

तिथे जायला थेट लोकल नाही. घोडबंदर रोडने, गायमुख घाटातल्या ट्रॅफिकमधून जावं लागतं. लेक्चर बुडवून जाणार कोण, आणि घरी सांगणार काय?

अशा शहरात मोबाईलवर मिळणारी मदत सोयीची वाटणारच. गरजही मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं. त्यात सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला 'टेली-मानस' सुरू झालं. १४४१६ हा टोल फ्री नंबर लावायचा, भाषा निवडायची, की समुपदेशक फोनवर येतो. मराठीत बोलता येतं. त्रास जास्त असेल तर कॉल पुढे डॉक्टरांकडे जातो. २०२५ पर्यंत या सेवेवर २० लाखांहून जास्त कॉल आले. लोक फोनवर मदत घेत नाहीत, हा समज यातून खोटा ठरतो.

मग अडतं कुठे? जागेत.

वन रूम किचन किंवा वन बीएचके, त्यात चार-पाच माणसं. हॉलमध्ये टीव्ही, किचनमध्ये आई, बाजूला अभ्यास करणारा धाकटा भाऊ. 'मला जगावंसं वाटत नाही' हे वाक्य मोठ्याने म्हणायला घरात कोपरा नाही. बाहेर म्हणावं, तर सकाळची भाईंदर लोकल काही खासगी बोलायची जागा नव्हे. शिवाय कॉल हिस्ट्रीत नंबर राहतो आणि फोन घरातल्या कुणाच्याही हातात जातो.

म्हणून मुलं टाईप करतात. रात्री, पांघरुणात, ब्राईटनेस कमी करून. याला तंत्रज्ञानाचं वेड म्हणणं सोपं आहे, पण टायपिंगचा आवाज होत नाही, एवढं साधं कारणही त्यामागे असतं.

टाईप करून बोलायची सोय अगदीच नाही असंही नाही. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा २०१२ पासून फोनसोबत ईमेलवरही समुपदेशन करते आणि समोर प्रशिक्षित माणूस असतो. पण रात्री दोन वाजता बोटाशी असतो तो चॅटजीपीटी. ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं, की आठवड्याला वापरणाऱ्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या संवादात आत्महत्येच्या संभाव्य योजनेची किंवा इराद्याची स्पष्ट चिन्हं दिसतात. टक्का किरकोळ वाटतो. पण ८० कोटी वापरकर्त्यांच्या हिशेबाने तो दर आठवड्याला दहा लाखांवर जातो. बॉट ऐकून घेतो, टोमणा मारत नाही. पण तो घरी फोन करत नाही, मित्राला बोलावत नाही, उद्या पुन्हा स्वतःहून विचारपूस करत नाही.

मेंटल हेल्थ ॲप्सचीही गत वेगळी नाही. ९३ ॲप्सच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात इन्स्टॉल केल्यानंतर तिसाव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण जेमतेम ३.३ टक्के होतं. डाउनलोडचे आकडे पाहून विद्यार्थ्यांचा ॲपवर विश्वास आहे असं म्हणणारे इथेच चुकतात.

माहिती फुटेल ही भीतीही निराधार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाईन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले, कारण ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका होता. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. 'आईबाबांना कळवतील' या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी.

आता चेंडू कॉलेजांच्या कोर्टात आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. टेली-मानससारख्या हेल्पलाईनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये आणि वेबसाईटवर ठळक लावायलाही सांगितलं.

नंबर चिकटवणं एका दुपारचं काम आहे. फोन लावायला दार बंद होईल अशी एक खोली देणं जास्त उपयोगाचं ठरेल. लायब्ररीशेजारची स्टोअर रूम रिकामी केली तरी चालेल, फक्त दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी मोठी पाटी लावू नये. ती पाटी वाचून आत जाणारा विद्यार्थी कॅन्टीनमधून सगळ्यांना दिसतो.

(स्वतःला किंवा मित्राला त्रास होत असेल तर १४४१६ वर २४ तास मोफत बोलता येतं.)