फोटोतली सेवा आणि सुयांवरची सेवा



परवा एका मदतनिधीच्या वॉकमध्ये मी स्वयंसेविका होते. नोंदणीच्या टेबलावरची गर्दी ओसरली म्हणून पिशवीतून सुया-लोकर काढली, तर एक ताई म्हणाल्या, "काकू, तो टाइमपास आत ठेवा, फोटो काढायचाय."

टाइमपास? मी कॉमर्सची, हिशेब मांडूनच बोलते. वॉकला मी दिले तीन तास. सुयांवर होती सरकारी दवाखान्यातल्या बाळासाठी टोपी. तिला माझ्या चार संध्याकाळी लागतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, म्हणून त्याचं डोकं झाकून ठेवायला सांगतात. मग सेवा कुठली आणि टाइमपास कुठला?

वॉकला माझा विरोध नाही. पण खर्चाची बाजूही बघा. प्रत्येकाला नवा टी-शर्ट, दोन घोट पिऊन फेकलेल्या बाटल्या. आणि आपण म्हणे पाणी गाळून, जपून वापरणाऱ्या! तो पैसा वाचला असता तर मदतीतच गेला असता. पुढच्या वेळी घरचेच कपडे घालू, पाणीही घरूनच नेऊ.

आणि हो, विणताना मला आनंद होतो. म्हणून ते दान हलकं ठरत नाही. आहार, औषध, ज्ञान, अभय, या चार दानांपैकी एकालाही फोटोची अट नाही.

पुढच्या वॉकलाही मी जाणार. सुया मात्र टेबलावरच असतील.