सहलीची गाडी आणि पाचवे शील

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहाराविहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून बसतात, त्रिशरण-पंचशील घेतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या घोटी परिसरात सहलीचा हंगामही भरात येतो. भंडारदरा, कळसूबाई, भावली धरण, वैतरणेचा परिसर. मुंबई-नाशिकच्या गाड्या महामार्ग सोडून घोटीतून आत वळतात आणि त्यांच्या मागोमाग आपल्या वस्तीतल्या गाड्याही निघतात. आठवडाभर भाताच्या गिरणीत, गोंद्याच्या कंपनीत, बांधकामावर राबलेली पोरे वर्गणी काढून जीप ठरवतात. भाडे ठरते, जेवण ठरते. बाटली मात्र कोणी विचारण्याआधीच ठरलेली असते.

माझा आक्षेप सहलीला नाही. कष्टकऱ्याला विश्रांती हवी, डोंगर-पाणी पाहायला हवे. तो त्याचा हक्कच आहे. आक्षेप आहे तो 'सहल म्हणजे दारू' या समीकरणाला. शनिवारी संध्याकाळी पाचवे शील घेणारा माणूस रविवारी सकाळी गाडीत बसला की ते शील सुटते कसे, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारला पाहिजे.

हे समीकरण कोणाच्या फायद्याचे?

प्रवासात पिणे ही काही आपल्या वस्तीची खासियत नाही. ती वरून खाली आलेली रीत आहे. क्रूझ म्हणजे समुद्रावर चालणारे पंचतारांकित हॉटेल. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले, तेव्हा अशा प्रवासाची चित्रे घरोघरी टीव्हीवर दिसली. परदेशात एकेका जहाजावर हजारो प्रवासी असतात. तिथे जेवण बहुधा तिकिटात असते, दारूचे पैसे वेगळे. म्हणून कंपन्या एकरकमी पैसे घेऊन दारूची योजना विकतात. 'कार्निव्हल' या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या अशा योजनेत चोवीस तासांत १५ पेल्यांची मर्यादा घातलेली आहे. मर्यादाच पंधराची! पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर माणूस ते वसूल करायला पितो.

त्याचे परिणाम काय होतात? भांडणे, मारामाऱ्या, बायकांची छेडछाड, तोल जाऊन पडणे. प्रवासी समुद्रात पडण्याच्या आणि जहाजावर बायकांवर अत्याचार होण्याच्या घटना इतक्या गाजल्या, की अमेरिकेला २०१० साली क्रूझ जहाजांच्या सुरक्षेसाठी वेगळा कायदा करावा लागला. कठडा किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट उंच हवा, खोलीच्या दाराला बाहेरचे दिसेल असे छिद्र हवे, गुन्हा घडला तर तपास यंत्रणेला कळवलेच पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. सगळ्याच घटना दारूने घडत नाहीत, पण दारू हे त्यांतले मोठे कारण आहे.

विमानातही तेच. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात, महागड्या तिकिटाच्या वर्गात, नशेत असलेल्या एका प्रवाशाने वृद्ध महिला प्रवाशाच्या अंगावर लघवी केल्याची तक्रार झाली. त्यावर देशभर चर्चा झाली आणि विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. शिक्षण, पैसा, मोठी नोकरी यांपैकी काहीही माणसाला नशेतल्या वागण्यापासून वाचवत नाही.

आणि ही घाण पुसतो कोण? जहाजावर ओकारी साफ करणारे हात गोव्याचे, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे असतात. एसटीत आणि रेल्वेच्या डब्यात ते आपलेच असतात. दुसऱ्याची घाण उपसण्याचे काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, त्यांनी तरी आपली घाण दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

जहाजाला डॉक्टर आहे, जीपला नाही

कोणी म्हणेल, 'श्रीमंत प्याला तर मौज, आणि गरीब प्याला की लगेच शील आठवते का?' प्रश्न रास्त आहे. शील दोघांनाही सारखेच लागू आहे. फरक आहे तो पडल्यावर सावरण्याच्या सोयीत.

क्रूझवर डॉक्टर असतो, सुरक्षा रक्षक असतात, जागोजागी कॅमेरे असतात. जहाज चालवणारा कप्तान शुद्धीत असतो. फारच गोंधळ घालणाऱ्याला खोलीत बंद करण्याचा किंवा पुढच्या बंदरात उतरवून देण्याचा अधिकार त्याला असतो. आपल्या जीपमध्ये यांतले काय असते? बऱ्याचदा चालकालाच 'एक घे रे' म्हणून आग्रह होतो. सोबत बायकामुले असतील तर डॉक्टर, रक्षक आणि कप्तान ही तिन्ही कामे घरच्या बाईवर येतात. ती नवऱ्याला सावरते, मुलांना पाण्यापासून दूर ठेवते, ओकारी धुते आणि परतताना जीव मुठीत धरून बसते. तिच्यासाठी ती सहल नसतेच, एक पाळी असते.

शरीरात काय होते

दारू पहिला घाला घालते तो विचार आणि तोल यांवर. माणूस झिंगलेला दिसण्याच्या आधीच त्याचा अंदाज चुकू लागतो. शेवाळलेला खडक, धबधब्याची कड, धरणाचा उतार अशा ठिकाणी ही चूक जिवावर बेतते. 'मला पोहता येते' हा भरवसा दारूच्या पोटात सर्वांत धोक्याचा.

'पावसात गारठा लागतो म्हणून थोडी घेतो' हेही खोटे समाधान. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता भराभर बाहेर जाते. भिजलेला, प्यायलेला माणूस लवकर गारठतो. दारूने लघवी जास्त होते, अंगातले पाणी कमी होते आणि डोंगर चढताना थकवा येतो.

कडक कॉफी, लिंबू किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी नशा उतरत नाही. यकृत साधारण तासाला एका पेगाइतकीच दारू निकामी करते. त्याला घाई करता येत नाही. म्हणजे दुपारी पाच-सहा पेग घेतलेला माणूस संध्याकाळी परतीच्या वेळीही गाडी चालवायला लायक नसतो. कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू आढळली तर गुन्हा मानतो. पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रेल्वेत दारू पिऊन धिंगाणा घातला तर खाली उतरवतात, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोणी पिऊन बेशुद्ध झाला तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून उताणे टाकू नका. ओकारी श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावतो. त्याला कुशीवर वळवा, अंगावर कोरडे पांघरूण घाला, जवळ कोणीतरी बसून राहा. तोंडात बळेच काही ओतू नका. हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक होत असेल, अंग गार किंवा निळसर पडत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

अनोळखी ठिकाणी, आडबाजूला मिळणारी स्वस्त दारू तर घेऊच नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. अशा दारूतल्या मिथेनॉलने आधी नेहमीचीच नशा वाटते. पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही येतात. दृष्टी धूसर होताच इस्पितळ गाठावे.

आपल्याला येते, हे आपणच दाखवले आहे

आता मूळ मुद्दा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपल्याच वस्तीतली हीच माणसे असतात. तीच जीप, तोच कसारा घाट. त्या गाडीत बाटली नसते. दादरला लाखोंचा समुदाय तासन्‌तास रांगेत उभा राहतो, परतताना पुस्तके घेऊन येतो. दीक्षाभूमीला जातानाही तसेच. म्हणजे दारूवाचून प्रवास आपल्याला येतो. जी गोष्ट ६ डिसेंबरला जमते ती श्रावणातल्या रविवारी का जमत नाही? बहुतेकांना दारू सुटत नाही असे नाही. 'सहलीला चालते' अशी आपण स्वतःला सूट दिलेली असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. त्यात सहलीसाठी वेगळी सूट नाही.

बाबासाहेबांनीही समुद्रप्रवास केले. १९१३ साली शिकायला अमेरिकेला गेले, १९३० साली गोलमेज परिषदेत आपली बाजू मांडायला 'व्हाईसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गेले. प्रवासाने माणूस मोठा होतो, हे त्यांच्या आयुष्यात दिसते. आपल्या मुलांना प्रवासातून काय मिळावे, हे आपण ठरवायचे आहे.

मात्र ज्यांना दारूचा आजारच जडला आहे, त्यांच्याविषयी वेगळे बोलले पाहिजे. रोज भरपूर पिणारा माणूस नागपूर किंवा बोधगयेच्या यात्रेसाठी एकदम दारू बंद करतो, तेव्हा धोका असतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणे, ताप, भ्रमिष्टपणा येऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. लोकांना वाटते, अंगात आले किंवा बाहेरची बाधा झाली. तसे काही नसते, ती दारू तुटल्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला यात्रेच्या काही आठवडे आधीच ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात न्या. औषधांच्या मदतीने दारू सुरक्षितपणे बंद करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे. त्याला शिव्या देऊन किंवा वाळीत टाकून काही साधत नाही. करुणा हीसुद्धा आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

विहारात ठराव करा

भाषणाने दारू सुटत नाही, नियमाने सुटू लागते. येत्या पौर्णिमेला प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने बसून साधा ठराव करावा. वस्तीतून जी गाडी निघेल तिच्यात बाटली चढणार नाही. चालकाला कोणी आग्रह करणार नाही, आणि तो प्यायलेला असेल तर गाडी निघणार नाही. पाण्यात कोण उतरेल, कुठवर उतरेल, हे आधी ठरेल. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: गाडी थांबवायचा, परत फिरवायचा अधिकार गाडीतल्या एका बाईकडे असेल आणि तिचा शब्द सगळे मानतील.

जहाजावर कप्तानाला असतो तोच हा अधिकार. नाहीतरी सांभाळायचे काम आपल्या बाया करतातच. निदान हुकूम तरी त्यांचा चालू द्या. मग सहल तिचीही होईल.

जय भीम!