आढळलें म्हणजे जडलें नव्हे

रक्ततपासणीच्या कागदावर एखाद्या विषाणूचें नांव उमटलें कीं घरावर अवकळा येते. मुलाचें ताट वेगळें होतें, शेजारीण अंगणांतूनच विचारपूस करून परतते. आमच्या मतें हें भय पुष्कळदां अनाठायीं असतें. कारण विषाणूचा डी.एन्.ए. आढळणें आणि रोग जडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी होत.

२०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ८,२४० माणसांच्या रक्तांतील डी.एन्.ए.चें वाचन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं कोणासही संसर्गजन्य रोगासाठीं निवडलेलें नव्हतें. तरी शेंकडा ४२ जणांत मनुष्यास लागणाऱ्या विषाणूंच्या खुणा मिळाल्या. एकंदर ९४ विषाणु दिसले, पण मनुष्याचे म्हणण्याजोगे अवघे १९! उरलेल्यांतील पुष्कळ बहुधा तपासणीच्या रसायनांतून किंवा आसमंतांतून शिरलेले उपरे होते. ज्या मापानें दूध मोजावयाचें त्यालाच पाणी लागलेलें असावें, तसा हा प्रकार. त्या १९ मध्यें एच्.आय्.व्ही. व यकृतदाहाचे विषाणूही होते. तेव्हां कागद फाडून टाकावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं; असलें नांव दिसतांच डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे.

परंतु विद्यार्थ्यांनो, हर्पीस कुळांतील सहाव्या मानवी विषाणूची गोष्ट ऐका. तान्ह्या मुलांस कांहीं दिवस ताप येऊन पुढें गुलाबी पुरळ उठतें, तें बहुधा ह्याचेंच काम. बहुतेकांस तो बालपणींच भेटून जातो. मात्र शंभरांत सुमारें एका मनुष्यास तो आईकडून किंवा बापाकडून वडिलोपार्जित शेताप्रमाणें मिळतो, गुणसूत्राच्या टोकाशीं जडलेला. अशा मनुष्याचें रक्त केव्हांही तपासा, विषाणु विपुलच दिसणार. तो मोठ्या संसर्गाचा पुरावा समजून तीव्र औषधें दिल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. त्यांतील गॅन्सिक्लोव्हिर अस्थिमज्जेस अपाय करून रक्तपेशी घटवूं शकतें, आणि गुणसूत्रांतला वांटा तर जागच्या जागींच राहतो! आपल्या सर्वांच्याच जनुकसंहितेचा सुमारें शेंकडा ८ भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचा अवशेष आहे, आणि मातेच्या उदरांत वार घडविण्यास लागणारें सिन्सिटिन हें प्रथिन त्यांपैकींच एकाची देणगी; असल्या जुन्या बिऱ्हाडकरूस घरांतून काढावें तरी कसें?

म्हणून पालकहो, डॉक्टरांस नम्रपणें विचारावें : कोणता विषाणु, किती, आणि तो वाढतो आहे काय? ह्या सहाव्या विषाणूच्या बाबतींत तर केंसाच्या मुळांत किंवा नखांतही त्याचा डी.एन्.ए. मिळाला कीं तो जन्मजात असल्याचें कळतें.