दीडशे रबरांचा हिशेब

एखादा डाव झळाळून खेळणारा आणि सामना जिंकणारा खेळाडू हे एकच, असा जो समज ब्रिजच्या टेबलाभोवती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, त्याची रुजुवात करावयाची असल्यास डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या चॅटहॅम हॉटेलात आरंभ होऊन पुढील जानेवारीत वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियात समाप्त झालेल्या कल्बर्टसन-लेन्झ सामन्याचे दप्तर उघडावे. करार १५० रबरांचा होता. पंचाचे काम करणारे लेफ्टनंट ग्रुएन्थर पुढे नाटोचे सरसेनापती झाले. प्रारंभी आघाडी लेन्झपक्षाची होती. अखेरीस कल्बर्टसन ८,९८० गुणांनी विजयी झाले. आकडा भारदस्त खरा, पण रबरांवर वाटला की प्रत्येकी जेमतेम ६० गुण पडतात, म्हणजे इस्पिक हुकूम असताना बोलीतल्या दोन हातांचे मोल!

इतक्या बारीक फरकावर जेथे निकाल लागावयाचा, तेथे मागच्या डावात गेलेले गुण याच डावात सव्याज वसूल करण्याचा तगादा जो स्वतःमागे लावून घेतो, त्याचे दिवाळे निघण्यास विलंब लागत नाही. धीर हे पहिले भांडवल, तर दुसरे भांडवल म्हणजे भिडूचा विश्वास. लेन्झचे भिडू ओस्वाल्ड जेकोबी यांच्या फसव्या बोली लेन्झना रुचेनात, ती नापसंती चारचौघांत बोलून दाखविली जाऊ लागली, आणि १०३ रबरांनंतर जेकोबींनी सामना सोडला. कोणती बोली शास्त्रशुद्ध हा वाद मला गौण वाटतो. भिडूचा पंचनामा सामना चालू असताना करणे हाच खरा गुन्हा.

आजच्या सांघिक सामन्यात तेच पत्ते दोन्ही टेबलांवर खेळले जातात आणि गुणांतील फरक ठरीव कोष्टकाने सामनागुणांत बदलतो. तुम्ही व्हल्नरेबल असताना चार इस्पिक बोलून साधलेत आणि दुसऱ्या टेबलावर तीनवरच थांबले, तर ६२० वजा १७०, म्हणजे १० सामनागुण जमा. एक हात कमी पडला तर खर्ची फक्त ६. शंभरांत अडतीस वेळा साधणारा गेमही, म्हणूनच, बोलण्याजोगा ठरतो. याउलट व्हल्नरेबल नसताना सहा इस्पिकचा स्लॅम केवळ राजा कोणाकडे आहे यावर अवलंबून असेल, तर साधल्यास ११ मिळतात आणि बुडाल्यास ११च जातात. सरासरीने जमा-बाकी शून्य.

पिछाडीवर असलेल्याने शेवटच्या काही डावांत शोधावयाचे ते असेच शून्य-बाकीचे प्रसंग: ज्यात सरासरीने काही गमवावे लागत नाही, परंतु दुसऱ्या टेबलावरील मंडळी बहुधा जे करणार नाहीत ते केल्याने मोठी उलथापालथ संभवते. भलत्याच बोलीने पत्त्यांशी वैर धरणे ही हाराकिरी झाली. आणि आघाडीवाल्यांना नेहमी दिला जाणारा ‘आता सांभाळून खेळा’ हा सल्ला (क्लबात तो फुकट आणि मुबलक मिळतो) मला अर्धाच मान्य आहे. कारण तो अडतीस टक्क्यांचा गेम पिछाडीवरचा प्रतिपक्ष दुसऱ्या टेबलावर हमखास बोलणार, आणि तुम्ही मात्र शहाणपणाने तीन इस्पिकवर थांबलात, तर तीच तुमची त्या डावातील पैज होय, आणि तीही १० विरुद्ध ६ अशा तोट्याच्या दराने लावलेली.