नर्सिंगचे प्रबंध पेशंटच्या खाटेपाशी येऊ द्या

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी अतिदक्षता विभागात काम करणारी अधिपरिचारिका. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांबद्दल लिहिते आहे. देशभरातल्या नर्सिंग कॉलेजांत प्रबंधाचा एक साचा रुळला आहे. परिचारिकांना किंवा विद्यार्थिनींना प्रश्नावली द्यायची, विषय शिकवायचा, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात, निष्कर्ष निघतो, पदवी मिळते. त्या शिकवण्याने एखाद्या पेशंटचा बेडसोअर टळला का, हा प्रश्न मात्र राहूनच जातो.

खाटेपाशी केवढं संशोधन दडलेलं असतं, याचं एक उदाहरण देते. फुप्फुसं गंभीररीत्या निकामी झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या 466 पेशंटवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. काम बहुतांशी फ्रान्समधल्या आयसीयूंत झालं होतं. ज्यांना सलग किमान 16 तास पालथं ठेवलं, त्यांच्यात 28 दिवसांतले मृत्यू 16 टक्के होते. उताणे ठेवलेल्यांत जवळपास 33 टक्के. इतका फरक पडला तो कुठल्या नव्या औषधाने नाही, पेशंटची कूस बदलल्याने. त्या अभ्यासातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: ज्या विभागांना हे काम करण्याचा पाच वर्षांहून अधिक सराव होता, तेच विभाग संशोधकांनी निवडले. म्हणजे त्या निकालात सरावलेल्या हातांचा वाटा आहे.

कोविडमध्ये पेशंटला पालथं करण्याचं हेच काम आपल्याकडे पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन झालं. एकीने डोक्याशी उभं राहून ट्यूब धरायची आणि आकडे मोजायचे, दोन्ही बाजूंना दोघं-दोघं, त्यात वॉर्डातले मामा आणि मावशीही. आधी सक्शन, फीड बंद, डोळे मिटून पट्टी. ईसीजीचे लीड छातीवरून काढून पाठीवर. पालथं झालं की खरी काळजी सुरू होते. कपाळ, गाल, हनुवटी इथे दाब येतो आणि कातडी लाल होते. तोंड किती तासांनी वळवायचं? जेलची उशी नसेल तर गुंडाळलेली चादर चालते का? रात्री माणसं कमी असताना हे सगळं किती जणांत सुरक्षित होतं? हे प्रश्न आमचे आहेत आणि त्यांची उत्तरं मोजून काढता येतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टर्सनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्या शुश्रूषेचा गौरव केला. असं कौशल्य आपल्याकडे एका सिस्टरकडून दुसरीकडे तोंडी जातं आणि ती निवृत्त झाली की तिच्याबरोबर वॉर्डाबाहेर पडतं. मला याचं फार वाईट वाटतं.

नर्सच्या कामाचा पेशंटच्या जिवाशी असलेला संबंध शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्येही दिसतो. युरोपातल्या 9 देशांत, 300 रुग्णालयांतल्या सव्वाचार लाखांच्या आसपास पेशंटचा अभ्यास 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त दिसली. रिक्त पदं भरा, असं आम्ही निवेदनांत लिहितो तेव्हा आमच्या हाती हा युरोपचा आकडा असतो. महाराष्ट्रातल्या वॉर्डांचा आकडा समोर ठेवला, तर त्या मागणीकडे दुर्लक्ष करणं अवघड जाईल.

म्हणून विनंती आहे. एकेका विद्यार्थिनीने पन्नास-साठ जणांवर केलेला स्वतंत्र प्रबंध छोटाच राहणार. पण दहा कॉलेजांतल्या विद्यार्थिनींनी एकच प्रश्न, एकच व्याख्या आणि एकच नोंदतक्ता घेऊन आपापल्या आयसीयूत काम केलं, तर तेच प्रबंध मिळून मोठा अभ्यास होईल. विद्यापीठाने असे संयुक्त विषय मान्य करावेत आणि नीतिमत्ता समितीची परवानगी वेळेत मिळेल असं पाहावं. प्रबंधात पेशंटचं काय झालं, हे नोंदवणं बंधनकारक करावं. नोंदी ठेवणाऱ्या सिस्टरला ड्यूटीतून ठरावीक तास मोकळे मिळावेत, यासाठी रुग्णालयांना लिहावं. नाहीतर हेही काम हँडओव्हरनंतर घरी जायच्या वेळेत होईल आणि तक्ते अंदाजाने भरले जातील.

पुढच्या तुकडीचे विषय ठरवायच्या बैठकीला रात्रपाळी करणाऱ्या दोन-चार सिस्टर्सना अवश्य बोलवा. विषय त्या सुचवतील.

आपली नम्र,
एक अधिपरिचारिका